पाटीवर नुसतं आइगनर

"अर्धीच पाटी कोरून आणलीस की काय?" स्टुलावर चढलेल्या अल्फॉन्स हाझेलबॉकने हातातली पितळी पाटी उलटसुलट करून पाहिली. "आइगनर. एवढंच? बाकीचं कुठंय?"

"बाकीचं काय?" लिंडे खालून स्टूल धरून उभी होती.

"अगं, पदवी! तुझ्याकडे तर गाडाभर आहेत. कोरणाऱ्याने अक्षरामागे जास्त मागितले का?"

"नाव पुरतं की."

"नाव पोस्टमनला पुरतं," अल्फॉन्स म्हणाला. "वाइटेनाउला नाही पुरत."

तो खोटं बोलत नव्हता. डॅन्यूबकाठच्या त्या गावात बिनपदवीची पाटी म्हणजे बिनपँटचा माणूस. समोरच्या औषधांच्या दुकानावर 'मॅगिस्टर रोस्वीथा टीफेनबाखर', पलीकडे 'इंजिनिअर' अमुक, कोपऱ्यावर 'होफराट' तमुक. होफराट म्हणजे दरबारातला सल्लागार. दरबार बुडाला त्याला शंभर वर्षं होऊन गेली, पण सल्लागार अजून दरवर्षी नवेकोरे निघतात. डॉक्टरची बायको आपोआप डॉक्टरीणबाई, होफराटची बायको होफराटीणबाई. कबरस्तानातसुद्धा एका दगडावर 'घरमालकाची विधवा' असं कोरलंय, आणि म्हातारे भाडेकरू तिथून जाताना अजून टोपी काढतात.

अल्फॉन्सच्या स्वतःच्या दारावर मात्र पाटीच नव्हती. त्याची द्राक्षाची बाग होती, बागेत वाइनची बाकं होती, आणि दारू तयार झाली की दाराला तो झाडाचा डहाळा टांगायचा. तो म्हणायचा, माझी पदवी हिरवी आहे, दर हंगामाला नवी.

"लाव पैज," तो स्टुलावरूनच म्हणाला. "जर्दाळूच्या जत्रेपर्यंत तू स्वतःच्या तोंडाने पदवी काढल्याशिवाय राहणार नाहीस. ह्या गावात धड मांसाचा तुकडा मिळत नाही पदवीशिवाय."

"राहीन."

"दुकानात नाही, कचेरीत नाही, माझ्या बाकावर तिसरा ग्लास झाल्यावरसुद्धा नाही."

"तिसऱ्या ग्लासानंतर तू बडबडतोस, मी नाही. हरले तर?"

अल्फॉन्सचे डोळे चमकले. शाळेत मास्तरांच्या खुर्चीला डिंक फासताना चमकायचे तसेच. "हरलीस तर जत्रेच्या दिवशी मला द्राक्षाच्या एकचाकी गाड्यात बसवायचं आणि अख्ख्या चौकाला फेरी मारायची. आणि मी सांगेन त्या पदव्या माझ्या नावापुढे लावून खच्चून ओरडायचं."

"आणि जिंकले तर तू ढकलायचं. ओरडायचं फक्त, 'बाजूला व्हा, लिंडे येतेय.'"

"बाई गं, एवढ्याशा वाक्यासाठी एवढी मेहनत!"

"आणि तू पण कुठे बोलायचं नाहीस."

"मी बोललो तरी कोण विश्वास ठेवणार?" हे मात्र खरं होतं. अल्फॉन्सने एकदा गावात उठवून दिलं होतं की पोप सुट्टीला येणार आहेत, आणि पाद्रीबुवांनी घंटेला रंग दिला होता.

रस्ता ओलांडून रोस्वीथा आली. तिला सगळं ऐकू गेलेलं होतंच. ह्या गल्लीत ऐकू न जाणं हे कष्टाचं काम. "मी साक्षीदार," ती म्हणाली. "पण फेरीच्या दिवशी मला मॅगिस्टरबाईच म्हणायचं. मी काही पैज लावलेली नाही."

पाटी ठोकली गेली. नुसतं आइगनर.

खरं तर लिंडेला ह्यात मजा वाटत होती. ती ह्याच गावच्या कसायाची मुलगी. पाण्याचं शास्त्र शिकायला व्हिएन्नाला गेली ती तिथून जगभर वाहत गेली. नेपाळात हिमसरोवरं मोजली, मेकाँगच्या काठी गावं उंचावर हलवायला लावली. आफ्रिकेत एका नदीवरून दोन देशांचे मंत्री हातघाईवर आले होते, तेव्हा तिने त्यांना बोलणी करायला नदीतच नेलं होतं. दोघांच्या बुटांत पाणी शिरलं, दोघांनी एकमेकांच्या खांद्याला धरलं, आणि करारातलं पहिलं कलम तिथेच ठरलं. नंतर ती व्हिएन्नात युनोच्या काचेच्या इमारतीत बसली, मग मंत्रालयाच्या पूरसमितीत. आणि पन्नाशी उलटल्यावर तिने ठरवलं, पुरे. बापाच्या घरी जायचं, जर्दाळूचं झाड लावायचं, आणि कुणी 'प्रोफेसरबाई' म्हणून खुर्ची पुढे करणार नाही अशा जागी बसायचं.

गावाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक होतं की कसायाची लिंडे 'युनोत काहीतरी' होती. मांसाच्या दुकानात, म्हणजे तिच्याच बापाच्या जुन्या दुकानात, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"कॉफी द्यायची म्हणे तिथे," एक बाई म्हणाली.

"छे, भाषांतर करायची. हुशार होती ती शाळेत."

लिंडे मागून म्हणाली, "कॉफीच. पण सगळ्या भाषांत."

बायका खजील झाल्या, मग हसल्या, आणि नव्या कसायाने रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या होफराटीणबाईंना आधी हाक मारून मऊ तुकडा दिला. लिंडेच्या वाट्याला सगळी शीर आली. घरी तिने ती दुपारभर शिजवली आणि चावताना पैजेचाच विचार केला. जबडा दुखला, पण हार मानली नाही.

मग बालवाडीचं निघालं.

गावची जुनी बालवाडी गळकी झाली होती. नवी कुठे बांधायची ह्यावर हिवाळाभर चर्चा चालली होती. वर चर्चजवळ एक सपाट, कोरडी, पालिकेच्या मालकीची जागा होती, पण ती नगराध्यक्ष एन्गेलबर्ट क्रॉइसच्या ड्रायव्हिंग स्कूलला भाड्याने दिलेली होती. तिथे पोरं गाडी मागे घ्यायला शिकत. त्यामुळे एन्गेलबर्टला अचानक बदककुरण फार आवडायला लागलं. बदककुरण खाली, ओढ्याच्या कडेला, पूरभिंतीच्या आतल्या बाजूला. हिरवंगार, मोकळं.

"मुलांना निसर्ग मिळेल," तो सगळीकडे सांगत सुटला.

अल्फॉन्सने ही बातमी दिली तेव्हा लिंडे जर्दाळूच्या आळ्यात खत घालत होती. तिचा हात थांबला.

"काय झालं?" अल्फॉन्सने विचारलं. "चांगली जागा आहे की. आमची फ्रोनी पण तिथेच जाणार शरदात. नात म्हणतेय आत्तापासून, आजोबा, बदकं असतील ना?"

"असतील," लिंडे म्हणाली. "तिला पोहता येतं का?"

"लिंडे, थट्टा सुचते तुला?"

"थट्टा नाही करत. माझा बाप बदकं तिथे का सोडायचा? गवतासाठी नाही. पाणी साचायचं म्हणून. तेव्हा पूरभिंत नव्हती, पाणी यायचं आणि जायचं. आता डॅन्यूब चढली की तुम्ही भिंतीची दारं लावता, बरोबर? नदी बाहेर. शाबास. पण ओढा आत. तो नदीला मिळायला निघालाय आणि दार बंद. मग तो कुठे जाणार?"

अल्फॉन्सने मान वळवून खालच्या बाजूला पाहिलं. तिथून कुरण दिसत नव्हतं, पण तो पाहत राहिला.

"कुरणात," तो हळूच म्हणाला.

"गुपचूप, मागून. नदीचा पूर वाजतगाजत येतो, सगळे पळतात. हे पाणी गवतातून वर येतं, आवाजसुद्धा होत नाही."

ती हात धुऊन तशीच एन्गेलबर्टच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. तो टेबलाशी बसून चौकाचं चित्र रंगवत होता. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिच्या पावात घातलेलं सॉसेज काढून घ्यायचा.

"लिंडे! ये ये. लायसन्स काढायचंय?"

तिने सगळं सांगितलं. ओढा, दार, साचणारं पाणी. त्याने ऐकलं, मान डोलावली, आणि ब्रश पाण्यात बुडवला.

"हे बघ लिंडे, तुझा बाप भला माणूस होता, त्याची बदकं पण भली होती. पण हे तांत्रिक काम आहे. आम्ही होफराट डॉक्टर वेनिंगरना बोलावलंय. व्हिएन्नाहून. ते बघतील."

"त्यांना ओढ्याबद्दल विचारलंस का?"

"अगं, ते होफराट आहेत. त्यांनी काय बघायचं ते मी सांगू?"

"तूच सांगायचं असतं, गाढवा. तज्ज्ञ विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतो."

"तुला कसं माहीत?"

 लिंडेच्या जिभेच्या टोकावर पदव्यांची सगळी रांग येऊन उभी राहिली होती. "युनोत कॉफी देताना ऐकलं," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

ती स्वतःवर चिडली होती, पण पैजेवर नाही. तिच्या डोक्यात एक हट्ट शिरला होता. मुद्दा बरोबर असेल तर तो कसायाच्या लिंडेलाही सांगता आला पाहिजे. पुढचे काही दिवस ती दारोदार फिरली. पाद्रीबुवांना भेटली, बालवाडीच्या बाईंना भेटली, अग्निशमन दलाच्या पोरांना कुरणात नेऊन ओढ्याचं तोंड दाखवलं. सगळे गोड बोलले. सगळे म्हणाले, होफराटसाहेब येतायत ना. बालवाडीच्या बाईंनी तर तिच्या हाताला हात लावून म्हटलं, "तुम्हाला मुलांची किती काळजी!" जणू ती मोजे विणून घेऊन आली होती.

सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. बंब बाहेर काढून बाकं मांडली होती, मागे बिअरची पिंपं. एन्गेलबर्टने कामकाज वाचून दाखवलं. आधी तज्ज्ञांची मतं, मग हात वर करून निर्णय, आणि शेवटी 'इतर विषय', ज्यात नागरिकांनी बोलायचं.

'इतर विषय' म्हणजे काय हे वाइटेनाउत तान्ह्या पोरालाही ठाऊक. तो विषय आला की पिंपाची तोटी उघडते. आजवर 'इतर विषया'त बोललेलं एकही वाक्य कुणी ऐकलेलं नाही.

"निर्णयानंतर बोलायचं?" लिंडे कुजबुजली.

"लोकशाही आहे," शेजारी बसलेला अल्फॉन्स म्हणाला. "हवं तेवढं बोल, हवं त्यानंतर."

होफराट वेनिंगर उठले. उंच, सभ्य, रुमालाची घडी अगदी नीट. त्यांनी नकाशा दाखवला आणि सांगितलं की पूरभिंत उत्तम आहे, डॅन्यूब ती ओलांडून येण्याची शक्यता नगण्य आहे. शब्द न शब्द खरा होता. लिंडेला माणूस आवडलासुद्धा.

ती उभी राहिली. "होफराटसाहेब, दारं लावल्यावर ओढ्याचं काय?"

"लिंडे," एन्गेलबर्टने टेबलावर पेन आपटलं, "इतर विषयात."

"एकच प्रश्न आहे."

"आत्ता तज्ज्ञांचं चाललंय. खाली बस."

होफराट मात्र तिच्याकडे वळून प्रेमळ हसले. आजारी म्हातारीकडे बघून हसतात तसं. "काळजी करू नका, बाईसाहेब. सगळ्याचा विचार झालेला असतो."

हॉलमध्ये माना डोलल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "कसायाची ना ती?" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "बदकांची आठवण येतेय तिला." हशा झाला. बालवाडीच्या बाईसुद्धा हसल्या.

"तर मग," एन्गेलबर्ट म्हणाला, "बदककुरणाच्या बाजूने हात वर—"

 अल्फॉन्सने लिंडेच्या बाहीला हिसका दिला. "सांगून टाक. पैज गेली खड्ड्यात. मी मोडली, रद्द, झालीच नव्हती. सांग!"

"मोडायची नाही," लिंडे म्हणाली. "हरायची."

आणि ती खाली बसायच्या ऐवजी बाकावर चढली. चांगली धिप्पाड बाई, कसायाचे खांदे, बाक करकरलं. मंत्र्यांना नदीत नेलं तो आवाज तिने काढला.

"माझं नाव युनिव्हर्सिटी प्रोफेसर, डिप्लोमा इंजिनिअर, डॉक्टर, मानद डॉक्टर, गेर्लिंडे आइगनर. मंत्रालयाच्या पूरसमितीची माजी अध्यक्ष. युनोच्या नदी-विभागाची माजी प्रमुख. तज्ज्ञांचं चाललंय ना? मग माझं चालू द्या."

 ज्यांचे हात अर्धे वर गेले होते ते तसेच राहिले. मांसाच्या दुकानातल्या त्या बाईने शेजारणीला इतक्या जोराने चिमटा काढला की ती किंचाळली.

आणि मग ती गोष्ट झाली जी फक्त ह्याच देशात होते. पहिल्या रांगेतले दोन म्हातारे उठून उभे राहिले आणि कुणीतरी तिला खुर्ची आणून दिली.

"प्रो... प्रोफेसरबाई," एन्गेलबर्ट म्हणाला. "तुम्ही... आपण... कृपया पुढे या ना."

"एन्गेलबर्ट, माझ्या पावातलं सॉसेज चोरताना 'आपण' म्हणाला नव्हतास. मी इथूनच बोलते."

होफराट वेनिंगर केव्हाच उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं प्रेमळ हसू पार पुसलं गेलं होतं. "आइगनर? त्या मेकाँगवाल्या आइगनर? मी तुमच्या पुस्तकावर परीक्षा दिलीय हो! ताई, म्हणजे... सहकारी बाई, तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"पैज होती."

"पैज?" होफराटांनी विचार केला आणि मान हलवली, जणू हे कारण त्यांना रास्त वाटलं. "बरं. तुमचा प्रश्न पुन्हा विचारा."

"दारं लावल्यावर ओढा कुठे जातो?"

त्यांनी नकाशा ओढून घेतला. बोट ओढ्यावरून खाली नेलं, दाराशी थांबवलं, आणि तिथून ते बोट आपोआप कुरणावर घसरलं. 

"मला भिंतीबद्दल विचारलं होतं," ते म्हणाले, गावाला नाही, तिला. "ओढ्याबद्दल विचारलंच नव्हतं. पण मीच विचारायला हवं होतं." मग ते वळले आणि मोठ्याने म्हणाले, "नगराध्यक्ष महाशय, माझं मत मी मागे घेतो. तिथे बालवाडी बांधू नका. तिथे बदकं ठेवा."

कुणी हसलं नाही. बालवाडीच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. हेच लिंडेने त्यांना महिनाभर आधी, ह्याच शब्दांत, त्यांच्या अंगणात उभं राहून सांगितलं होतं.

"मग जागा कुठली?" मागून कुणीतरी विचारलं.

"वर एक आहे," लिंडे म्हणाली. "सपाट, कोरडी, पालिकेची. तिथे सध्या गाड्या मागे जातात."

सगळ्या माना एन्गेलबर्टकडे वळल्या. त्याने रुमाल काढून मान पुसली. बिचाऱ्याने एकदा होफराटांकडे पाहिलं, एकदा प्रोफेसरबाईंकडे. गावात एवढ्या पदव्या एका बाजूला ह्यापूर्वी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्याने स्वतःचाच हात आधी वर केला.

'इतर विषया'त अल्फॉन्स उठला आणि म्हणाला की आमची पैज मी जिंकलोय, सगळ्यांनी जत्रेला यावं. आणि नवल म्हणजे 'इतर विषया'तलं ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं.

जत्रेच्या दिवशी चौकात जर्दाळूचा वास कोंदला होता. बँड वाजत होता, जर्दाळू घातलेल्या उकडलेल्या गोळ्यांच्या परातींवर माश्या बसत होत्या. रोस्वीथाने कार्यक्रम सुरू झाल्याची घोषणा केली, आणि स्वतःच्या नावापुढे मॅगिस्टर लावायला विसरली नाही.

अल्फॉन्स द्राक्षाच्या एकचाकी गाड्यात उशी टाकून बसला होता, डोक्यावर हिरव्या डहाळीचा मुकुट. मांडीवर फ्रोनी. पैजेत नात नव्हती, पण ती आजोबांच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती.

"वजन वाढलंय," लिंडे म्हणाली.

"हरलेल्याने तक्रार करू नये. चल, सुरू कर. पाठ केलंस ना?"

लिंडेने बाह्या वर सारल्या, दांड्या धरल्या आणि गाडा उचलला. चाक दगडी फरसबंदीवर खडखडायला लागलं. लोक दोन्ही बाजूंना सरकले.

"बाजूला व्हा!" ती खच्चून ओरडली. "महामहिम, दरबारी सल्लागार, युनिव्हर्सिटी प्रोफेसर, द्राक्षशास्त्राचे डॉक्टर, आळसशास्त्राचे मानद डॉक्टर, पोपसाहेबांच्या सुट्टीचे आयोजक, अल्फॉन्स हाझेलबॉक येताहेत!"

"आणि पाटीतज्ज्ञ!" अल्फॉन्स ओरडला. "ते राहिलं!"

"आणि पाटीतज्ज्ञ!"

लोक पोट धरून हसत होते. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, काहींनी थट्टेने, काहींनी सवयीने. कसायाने दुकानाच्या दारातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी उंच धरलं. "प्रोफेसरबाई! मऊ तुकडा ठेवलाय बाजूला!"

"होफराटीणबाईंना दे," लिंडे धापा टाकत म्हणाली. "मला शीर आवडायला लागलीय."

कारंज्याच्या वळणावर चाक दगडात अडकलं. एन्गेलबर्ट धावत आला. "प्रोफेसरबाई, मी मदत करू? तुम्ही कशाला..."

"हात लावायचा नाही," लिंडे म्हणाली. "मी हरलेय. मीच ढकलणार."

तिने पाय रोवले, खांदा लावला. चाक करकरलं, दगडावरून वर चढलं आणि धाडकन पलीकडे उतरलं. मुकुट अल्फॉन्सच्या डोळ्यांवर आला. फ्रोनीने आनंदाने टाळी वाजवली आणि आजोबांची सगळी लांबलचक नावं सोडून, जेवढं तिला जमलं तेवढंच ती ओरडली, "बाजूला व्हा, लिंडे येतेय!"